वाळूला घाबरणारा चॅम्पियन

७ ऑगस्ट २०२१ चा शनिवार आठवतोय? संध्याकाळी नीरज चोप्राने भाला फेकला आणि सगळा देश नाचला, तो दिवस. त्याच दिवशी सकाळी अदिती अशोक टोकियोत गोल्फ खेळत होती. तुम्ही तेव्हा बहुतेक शाळेत असाल. अनेक घरांमध्ये नियम कुणालाच माहीत नव्हते, तरी सगळे श्वास रोखून टीव्हीसमोर बसले होते. तिचं ब्राँझ एका फटक्याने हुकलं. आपल्यापैकी कित्येकांनी मन लावून गोल्फ पाहिलं ते त्या एकाच सकाळी.

एवढं तर तेव्हाच कळलं असेल की कमीत कमी फटक्यांत चेंडू भोकात घालायचा, बस्स. आता जरा त्या मैदानात उतरा.

समजा, तुमचा चेंडू ग्रीनच्या बाहेर पडलाय. ग्रीन म्हणजे गालिच्यासारखी कापलेली हिरवळ, जिच्यात ते भोक आणि त्यावर झेंडा असतो. झेंडा समोरच आहे, पंधरा-वीस पावलांवर. पण मध्ये बंकर आहे, म्हणजे वाळूचा खोल खड्डा. आणि झेंडा नेमका त्या खड्ड्याच्या पलीकडच्या काठाला चिकटून रोवलाय. चेंडू टेकवायला तुमच्याकडे जेमतेम चार-पाच पावलांची जागा. हळू मारलात तर चेंडू खड्ड्यात. जोरात मारलात तर झेंड्यावरून घरंगळत ग्रीनच्या पार पलीकडे. गोल्फवाले याला ‘शॉर्ट-साइडेड’ होणं म्हणतात, आणि ते म्हणताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा असतो.

यावर उपाय एकच. चेंडू सरळ वर उडाला पाहिजे आणि जिथे पडला तिथेच थांबला पाहिजे. त्यासाठी लागतो मोठा स्विंग. अंतर पंधरा पावलांचं, पण हात फिरवायचा जणू दीडशे पावलं मारायचंय. जोर पुढे न जाता वर जातो. डोक्याला हे पटतं, हाताला पटत नाही. ऐन वेळी हात घाबरतो, मध्येच मंदावतो आणि चेंडू वाळूत. मग तिथून, त्या खड्ड्यातून, त्याच जवळच्या झेंड्याकडे दुसरा प्रयत्न. तो तर आणखी अवघड.

आज या कामासाठी सँड वेज नावाचा क्लब असतो. कुठल्याही खेळाडूची बॅग उघडा, त्यात तो सापडेलच. पण शंभर वर्षांपूर्वी तसा क्लब कुणाकडेच नव्हता. तो ज्याच्यामुळे सगळ्यांच्या बॅगेत आला, तो माणूस तुमच्यापैकी बहुतेकांचा जन्म होण्याआधीच, १३ मे १९९९ रोजी, ९७ व्या वर्षी गेला. नाव जीन सॅराझेन. मजा अशी, की हा जगज्जेता स्वतःच वाळूला घाबरायचा.

खरं नाव जीन सॅराझेनही नव्हतं. २७ फेब्रुवारी १९०२ ला न्यूयॉर्क राज्यातल्या हॅरिसन गावात जन्मलेलं हे पोर होतं युजेनिओ साराचेनी. आईवडील इटलीतल्या सिसिलीतून आलेले. वडील फेडेरिको सुतारकाम करायचे. घरात पैसा नव्हता. पोरगा आठ-दहा वर्षांचा असल्यापासून आसपासच्या श्रीमंत क्लबांत कॅडी म्हणून जायला लागला. कॅडी म्हणजे साहेबाची बॅग खांद्यावर घेऊन मागे मागे चालणारा. वडिलांना हा खेळ म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग वाटायचा. पोराने हातात करवत घ्यावी, एवढीच त्यांची इच्छा.

आणि घेतलीही त्याने. पहिल्या महायुद्धाच्या काळात शाळा सुटली आणि तो वडिलांबरोबर कामाला लागला. पण तिथे न्यूमोनिया झाला, फुप्फुसाभोवती पू साठला, पोरगा मरता मरता वाचला. डॉक्टरांनी सांगितलं की आता बंद खोलीतली, भुशाधुळीची कामं नकोत. मोकळ्या हवेत काहीतरी बघ. मोकळ्या हवेतलं एकच काम त्याला येत होतं. घरातला वाद असा परस्पर मिटला.

मग एकदा त्याने एका फटक्यात चेंडू भोकात घातला आणि पेपरात नाव छापून आलं. स्वतःचं नाव छापलेलं पाहून कुणीही खूश होईल. हा पठ्ठ्या नाराज झाला. युजेनिओ साराचेनी हे नाव एखाद्या व्हायोलिनवाल्याचं वाटतंय, गोल्फपटूचं नाही, असं त्याला वाटलं. त्याने बसून नवं नाव तयार केलं, उच्चारायला दणकट. इन्स्टावर हँडल बदलावं इतक्या सहज. आपल्या मुळांचं काय वगैरे प्रश्न तुम्हाला पडतील, पडायलाही हवेत. पण त्या काळात अमेरिकेत इटालियन आडनाव घेऊन क्लबच्या पुढच्या दाराने आत शिरणं किती अवघड होतं, तेही लक्षात ठेवा.

१९२२. वय वर्षं २०. उंची साडेपाच फुटांच्या आत. शिकागोजवळच्या स्कोकी क्लबवर यूएस ओपन. शेवटच्या फेरीत ६८ फटके मारून या पोराने स्पर्धा जिंकली, तीही एका फटक्याने. मागे राहिलेल्यांत बॉबी जोन्स होता. पुढे सगळ्या जगाने ज्याला डोक्यावर घेतलं तोच जोन्स. त्याच वर्षी सॅराझेनने पीजीए स्पर्धा जिंकली. १९२३ मध्ये तीच स्पर्धा पुन्हा, या वेळी अंतिम सामन्यात वॉल्टर हेगनला ३८ व्या होलपर्यंत झुंजवून. २१ व्या वर्षी तीन मोठी विजेतेपदं. वडिलांना काय वाटलं असेल ते असो.

आणि मग काहीच नाही.

म्हणजे छोट्या-मोठ्या स्पर्धा तो जिंकत होता, पैसे कमावत होता, नाव होतं. पण मोठी स्पर्धा? १९२४ नाही, १९२५ नाही, १९२६ नाही. बघता बघता १९३१ संपलं. विशीत डोक्यावर घेतलेला मुलगा तिशीला आला, तरी लोक त्याला १९२२ चा चॅम्पियन म्हणूनच ओळखत होते. दहावीला बोर्डात आलेल्या पोराला ग्रॅज्युएशन झाल्यावरही नातेवाईक त्याच टक्क्यांनी ओळखतात ना, तसंच काहीसं. १९२३ मध्ये तर स्कॉटलंडच्या ट्रूनला ब्रिटिश ओपन खेळायला गेला आणि वादळी हवेत पात्रता फेरीतच गारद झाला. हे ट्रून लक्षात ठेवा.

कारणं अनेक होती. पण एक कारण त्याला स्वतःला स्पष्ट दिसत होतं: वाळू. बंकरमध्ये चेंडू गेला की त्याच्या पोटात गोळा यायचा.

त्या वेळी बंकरमधून मारायला निब्लिक नावाचा क्लब वापरत. पातं तिरकं, पण खालची कड पातळ, जवळजवळ धारदार. वाळूत ती कड सुरीसारखी घुसायची आणि क्लब आतच रुतायचा. चेंडू जागचा हलायचा नाही. म्हणून खेळाडू वाळूला हात न लावता चेंडू अलगद वरच्या वर टिपायला बघायचे. त्यात केसभर चूक झाली तर चेंडू बंदुकीच्या गोळीसारखा ग्रीनच्या पार. झेंडा लांब असेल तर एखादे वेळी चालून जायचं. झेंडा जवळच्या काठाला असेल तर संपलं. थोडक्यात, शॉर्ट-साइडेड झालात की तुमचं नशीब आणि तुम्ही.

उपाय शोधणारा सॅराझेन पहिला नव्हता. जाड तळाचे, चमच्यासारख्या खोलगट तोंडाचे क्लब आधीच निघाले होते. बॉबी जोन्सने १९३० च्या ब्रिटिश ओपनमध्ये तसला एक वापरलाही. पण खोलगट तोंडामुळे चेंडूला एकाच फटक्यात दोनदा धक्का बसतो अशी तक्रार झाली आणि १९३१ मध्ये त्या क्लबवर बंदी आली. म्हणजे दार उघडून लगेच बंद झालं होतं.

पुढची गोष्ट सॅराझेन स्वतः आयुष्यभर सांगत असे. तो तेव्हा विमान उडवायला शिकत होता, आणि सोबत होता हॉवर्ड ह्यूजेस. हो, तोच तो विमानवेडा अब्जाधीश, ज्याच्यावरचा सिनेमा तुम्ही पाहिला असेल. विमान धावपट्टी सोडताना शेपटीचा भाग खाली झुकतो आणि नाक वर उचललं जातं. सॅराझेनच्या डोक्यात प्रकाश पडला. क्लबचा मागचा भाग जर असाच खाली असेल, पुढच्या कडेपेक्षाही खाली, तर तो वाळूत न घुसता वाळूवरून सरकेल आणि पुढचं तोंड आपोआप वर येईल.

तळ्यावर चपटा दगड भिरकावला की तो बुडत नाही, टप्पे घेत जातो. तोच हिशोब.

१९३१-३२ च्या हिवाळ्यात तो फ्लोरिडातल्या न्यू पोर्ट रिची नावाच्या लहानशा गावी राहत होता. तिथे मिळेल तेवढं सोल्डर त्याने गोळा केलं, वितळवून निब्लिकच्या तळाला मागच्या बाजूला थापलं, घासलं, बाहेर वाळूत जाऊन मारून बघितलं, परत आला, थोडं काढलं, थोडं चढवलं. पुन्हा बाहेर. मला इथे फेडेरिको सुतार आठवतो. पोराने सुतारकी सोडली खरी, पण हत्यार नीट चालत नसेल तर हाताला दोष देत बसायचं नसतं, हत्याराला घासायचं असतं, हे त्याच घरातून आलं असणार. नऊ वर्षं मार खाल्लेला खेळाडू बहुतेक वेळा स्वतःच्या मनाला दोष देतो. ‘माझ्यातच काहीतरी कमी आहे’ हे वाक्य परीक्षेच्या निकालानंतर तुम्हीही मनात म्हटलं असेल.

पण नुसतं हत्यार करून भागलं नाही. नव्या क्लबने मारायची पद्धतच उलटी होती. चेंडूला क्लब लागूच द्यायचा नाही. चेंडूच्या इंच-दोन इंच मागे वाळूत मारायचं आणि हात न थांबवता पुढे काढायचा. क्लब वाळू उडवतो आणि ती वाळू चेंडूला उचलून बाहेर नेते. चेंडू जणू वाळूच्या गादीवर बसून येतो, मऊ उतरतो. झेंडा जवळ असला तरी आता चालतं. फक्त पूर्ण जोरात मारायचं धाडस हवं. ते कुठल्या दुकानात मिळत नाही, म्हणून तो तासन् तास त्या वाळूत उभा राहिला. शेवटी अशी वेळ आली की बंकरमधून दोन फटक्यांत चेंडू भोकात घालीन, अशी पैज तो कुणाशीही लावायला तयार असे.

जून १९३२, इंग्लंड. ब्रिटिश ओपन होती सँडविच गावाजवळच्या प्रिन्सेस मैदानावर. गावाच्या नावातच सँड, मैदानात तर विचारू नका. सॅराझेन नवा क्लब घेऊन आला खरा, पण मनात धाकधूक. खोलगट क्लबवर वर्षापूर्वीच बंदी आलेली. हाही कुणी अधिकाऱ्याने पाहिला आणि नको म्हटला तर? याचं तोंड सपाट होतं, नियमात बसत होतं, तरी वाद कशाला? म्हणून सरावाच्या दिवसांत तो क्लब बॅगेत उलटा ठेवायचा, पातं खाली, दांडा वर. संध्याकाळी कोटाखाली लपवून हॉटेलात न्यायचा. हॉलमध्ये चिठ्ठ्या नेणाऱ्या पोरासारखं वाटतं ना? फरक इतकाच की याच्याकडची चिठ्ठी कायदेशीर होती.

त्या स्पर्धेत आणखी एक गोष्ट घडली आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. चार वर्षांपूर्वी, १९२८ मध्ये, शेजारच्याच रॉयल सेंट जॉर्जेस मैदानावर सॅराझेन दुसरा आला होता. हेगनच्या दोन फटके मागे. तेव्हा त्याचा कॅडी होता स्किप डॅनिएल्स, म्हातारा, अनुभवी. एका होलवर डॅनिएल्सने सांगितलेलं न ऐकता सॅराझेनने गवतातून मोठा फटका मारायचा हट्ट केला आणि तिथे सात फटके घालवले. चूक मालकाची होती, पण हळहळला म्हातारा. मरण्याआधी तुला ही स्पर्धा जिंकून देईन, असं त्याने सांगून ठेवलं होतं.

१९३२ मध्ये सॅराझेन परत आला तेव्हा लोकांनी त्याला सांगितलं, डॅनिएल्स थकलाय, डोळे गेलेत, त्याला घेऊ नकोस. आणि याने ऐकलं. एक तरुण कॅडी घेतला. म्हातारा मान खाली घालून निघून गेला. चॅम्पियन लोक नेहमी चांगलेच वागतात असं नाही. सरावात मात्र सगळं बिनसलं, तरुण कॅडीशी पटेना. शेवटी सॅराझेनने डॅनिएल्सला बोलावून घेतलं. मग ७०, ६९, ७०, ७४. एकूण २८३, त्या वेळपर्यंतचा स्पर्धेतला सर्वांत कमी स्कोअर. पाच फटक्यांनी विजय. बंकरमध्ये चेंडू गेला की प्रतिस्पर्धी खूश व्हायचे, पण आता त्याचा चेंडू वाळूतून उडून झेंड्याजवळ येऊन बसायचा.

बक्षीस समारंभात डॅनिएल्सला शेजारी उभं करू द्या, अशी विनंती त्याने केली. आयोजकांनी नाही म्हटलं. कॅडीची जागा तिथे नव्हती. निघताना सॅराझेनने आपला चांगला कोट म्हाताऱ्याला दिला. काही महिन्यांतच डॅनिएल्स वारला.

दोनच आठवड्यांनी न्यूयॉर्कच्या फ्रेश मेडोवर यूएस ओपन. हे मैदान सॅराझेनच्या ओळखीचं; काही वर्षं तो तिथे क्लबचा प्रो होता. लहान लहान ग्रीन आणि सभोवती खोल बंकर. पहिल्या दोन फेऱ्या तो जपून खेळला: ७४, ७६. म्हणजे काहीच नाही. शेवटच्या दिवशी दोन फेऱ्या होत्या. सकाळच्या फेरीतल्या नवव्या होलपासून त्याने जपणं सोडलं. बंकरची भीती असेल तर तुम्ही झेंड्यापासून लांब, सुरक्षित जागी मारता. भीती गेली की थेट झेंड्यावर. उरलेले २८ होल त्याने बरोबर १०० फटक्यांत संपवले. शेवटची फेरी ६६. एकाच वर्षी दोन्ही ओपन.

पुढच्या गोष्टी प्रसिद्ध आहेत, म्हणून भराभर सांगून टाकू. १९३३ मध्ये तिसऱ्यांदा पीजीए. १९३५ मध्ये ऑगस्टाला, ज्या स्पर्धेला आज आपण मास्टर्स म्हणतो तिथे, पंधराव्या होलवर २३५ यार्डांवरून, समोरचं पाणी ओलांडून चेंडू थेट भोकात. एका फटक्यात तीन फटक्यांची पिछाडी भरून निघाली. हा फटका पाहायला तिथे मूठभरच माणसं होती. नंतर आपण तिथे होतो असं सांगणारे पुष्कळ निघाले. दुसऱ्या दिवशी ३६ होलच्या प्लेऑफमध्ये क्रेग वूडला हरवून चारही मोठ्या स्पर्धा जिंकणारा तो पहिला गोल्फपटू ठरला. आजवर असे फक्त सहा झालेत. रोरी मॅकलरॉय २०२५ मध्ये सहावा.

माझ्या मते त्या २३५ यार्डांच्या फटक्यात नशिबाचा वाटा मोठा होता. वाळूतल्या फटक्यांत नव्हता. विल्सन कंपनीने तसा क्लब बाजारात आणला, बाकीच्यांनीही आणला, आणि काही वर्षांत प्रत्येक बॅगेत तो दिसू लागला.

सॅराझेनने शेतजमीन घेतली, लोक त्याला ‘स्क्वायर’, म्हणजे जमीनदार, म्हणायला लागले. गुडघ्याखाली आवळलेली ती जुन्या पद्धतीची विजार मात्र त्याने शेवटपर्यंत सोडली नाही. वय वाढलं. १९७३ उजाडलं. ब्रिटिश ओपन होती ट्रूनला.

आठवलं ना? १९२३ मध्ये जिथे पात्रता फेरीत हाकलला गेला तेच ट्रून. बरोबर ५० वर्षांनी ७१ वर्षांचा म्हातारा तिथे खेळायला उतरला. तिथला आठवा होल तेव्हा होता जेमतेम १२६ यार्डांचा, नाव पोस्टेज स्टॅम्प. ग्रीन खरंच टपाल तिकिटाएवढं वाटावं असं, आणि सगळीकडून खोल बंकर. इथे चुकलात तर कुठल्याही बाजूने शॉर्ट-साइडेडच. पहिल्या दिवशी सॅराझेनने पाच नंबरच्या आयर्नने मारलं आणि चेंडू टप्पा घेऊन थेट भोकात. एका फटक्यात होल. टीव्हीच्या कॅमेऱ्यातही ते आलं. आजोबा हसत होते.

दुसऱ्या दिवशी त्याच होलवर, त्याच क्लबने मारलं. या वेळी चेंडू बंकरमध्ये गेला. म्हातारा खड्ड्यात उतरला, पाय वाळूत रोवले आणि चेंडूच्या थोडं मागे, वाळूत, न थांबता मारलं. वाळू उडाली. चेंडू काठावरून वर आला, ग्रीनवर उतरला आणि भोकात गेला. दोन फटके.

स्पर्धेच्या पुढच्या टप्प्यात तो जाऊ शकला नाही, कट हुकला. पण त्या दोन दिवसांत आठव्या होलवर त्याला पटर बॅगेतून काढावाच लागला नाही.